डिजिटल संगीतावरील कुलूप आणि कलम ६५-अ : एक चिकित्सा

प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नामदेवांची वाणी पंढरपूरला जितकी आपली वाटते तितकीच ती पंजाबातही आपली मानली जाते. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत. या वाणीवर कोणाची मालकी नाही. वारकरी ती गातो, कीर्तनकार तिचे निरूपण करतो, शाळेतले मूल ती पाठ करते. त्यासाठी कोणाची अनुमती घ्यावी असा प्रश्न सात शतकांत कोणालाही पडला नाही. मात्र नामदेवांचा एखादा अभंग राम फाटक यांच्या संगीतात पं. भीमसेन जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाला की परिस्थिती पालटते. शब्द नामदेवांचे, म्हणून सर्वांचे. चाल संगीतकाराची, तिच्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण कंपनीचे, त्यावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६४ साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण या हिशेबाने १ जानेवारी २०२५ पासून कंपनीच्या हक्कातून मुक्त झाले आहे.

कॉपीराइट कायदा हे तीन थर नेमकेपणाने वेगळे करतो. डिजिटल कुलूप ते करीत नाही. संगीताची फाइल सांकेतिक स्वरूपात बंद करावयाची आणि ती उघडणारी किल्ली विशिष्ट ॲप किंवा विशिष्ट यंत्र यांच्याकडेच ठेवावयाची, अशी या कुलपाची रीत आहे. त्यामुळे प्रत काढणे थांबते, आणि त्याचबरोबर ती फाइल अन्य कंपनीच्या यंत्रावर वाजणेही थांबते. पहिल्या परिणामास संरक्षण म्हणतात. दुसऱ्या परिणामास आपल्या कायद्यात नावच नाही. शिवाय ६० वर्षे पूर्ण झाली म्हणून हे कुलूप आपोआप गळून पडत नाही.

भारतात या कुलपाविषयीची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये कलम ६५-अ या रूपाने आली. प्रस्तुत लेखात या कलमाची चिकित्सा करावयाची आहे. प्रस्तुत लेखक विधिशास्त्राचा नव्हे, साहित्याचा अभ्यासक आहे. तथापि कायद्याचे कलम हीदेखील एक संहिता असते आणि तिच्यात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नाही.

कॅसेटपासून मेमरी कार्डापर्यंत

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट बाजारात आणली. तिचे प्रमाण इतर उत्पादकांनाही खुले झाल्यामुळे कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरवर वाजत असे. यंत्रसुसंगतीचा प्रश्न कायद्याने सोडविण्याची गरजच त्या काळी उद्भवली नाही. या खुलेपणाचे सांस्कृतिक परिणाम पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात तपशीलवार मांडले आहेत. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, प्रादेशिक आणि लोकसंगीताच्या लहान कंपन्या उभ्या राहिल्या. जुन्या गाण्यांची नव्या आवाजांत पुनर्ध्वनिमुद्रणे करण्यासाठी टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी त्या वेळच्या कलम ५२(१)(जे) चा आधार घेतला. मराठवाड्यातही प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, वामनदादा कर्डक यांच्या लेखणीतून आलेली भीमगीते, भारुडे, गोंधळ हे सारे कॅसेटमुळे वाड्यावस्तीपर्यंत गेले. त्यातील बराच व्यवहार बेकायदेशीर प्रतींचा होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

कॅसेटनंतर आपल्या भागात सीडीचा काळ अल्प ठरला. मोबाईल आला आणि त्यासोबत मेमरी कार्ड. साधारण २००५ नंतरच्या दशकात वसमत, कळमनुरी, सेनगाव यांसारख्या बाजाराच्या गावी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. दुकानातील संगणकावरून कार्डात शेकडो गाणी टाकून दिली जात आणि ते कार्ड कोणत्याही हँडसेटमध्ये चाले. इंडियन म्युझिक इंडस्ट्री या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने अशा दुकानदारांसाठी परवान्याची योजनाही आणली होती.

याच काळात अधिकृत संगीताची अवस्था काय होती, हे पाहणे बोधप्रद आहे. एसएमएस पाठवून, पैसे मोजून घेतलेल्या रिंगटोनवर अनेकदा ‘फॉरवर्ड लॉक’ नावाचे कुलूप असे. ओपन मोबाईल अलायन्स या संस्थेच्या प्रमाणानुसार अशी फाइल ज्या हँडसेटवर उतरविली तेथून पुढे पाठविता येत नसे. हँडसेट बदलला की रिंगटोन गेली. अर्थात ज्याने पैसे मोजले त्याच्या हाती बंद वस्तू आली आणि ज्याने कार्ड भरून घेतले त्याच्या हाती मोकळी. कुलपाचा भार प्रामाणिक ग्राहकावरच पडतो, हा सिद्धान्त पाश्चात्त्य विद्यापीठांतील विधितज्ज्ञांनी मांडण्याची वाट आपल्याकडील कोणी पाहिली नव्हती; बाजाराच्या दिवशी तो सर्वांना कळत होता.

कुलूप उतरत असताना आलेला कायदा

जागतिक पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ मधील दोन करारांनी तांत्रिक संरक्षणास कायद्याचे पाठबळ देण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले. अमेरिकेने १९९८ मध्ये डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट संमत केला. युरोपीय संघाने २००१ मध्ये निर्देश काढला. त्यानंतरची काही वर्षे कुलपांच्या अतिरेकाची होती. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडींमधील संरक्षक प्रणाली ग्राहकाच्या संगणकात लपून बसते आणि त्याची सुरक्षा धोक्यात आणते हे उघडकीस आले व कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. त्याआधी २००२ मध्येच फिलिप्सने, प्रत-प्रतिबंध असलेल्या तबकड्या सीडीच्या मूळ प्रमाणात बसत नसल्याने त्यांवर सीडीचे बोधचिन्ह लावू नये, अशी भूमिका घेतली होती. कॅसेट खुली ठेवणाऱ्या कंपनीने चाळीस वर्षांनी घेतलेली ही भूमिका मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

यंत्रसुसंगतीच्या दृष्टीने खरा वाद ॲपलच्या आयट्यून्स व आयपॉड यांवर झाला. आयट्यून्सवर विकत घेतलेले गाणे त्याच्या कुलपामुळे अन्य कंपनीच्या वादनयंत्रावर वाजत नसे. नॉर्वेच्या ग्राहक लोकपालांनी २००६ मध्ये या अटींना आक्षेप घेतला. त्याच वर्षी फ्रान्सने केलेल्या कायद्यात ‘सुसंगती’ हा शब्द प्रथमच ठळकपणे आला आणि त्यासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरणही निर्माण झाले. मात्र या प्राधिकरणाकडे दाद मागण्याचा अधिकार सॉफ्टवेअर प्रकाशक, यंत्रनिर्माते आणि सेवा-चालक यांनाच मिळाला. ज्याचे गाणे वाजत नव्हते त्या श्रोत्याला नाही. पुढे ६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून ध्वनिमुद्रण कंपन्यांनीच कुलपाचा आग्रह सोडावा असे सुचविले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ईएमआयने तो सोडला आणि जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सवरील गाणी कुलूपमुक्त करण्याची घोषणा झाली.

भारताचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले एप्रिल २०१० मध्ये. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले आणि २१ जून २०१२ पासून ते अमलात आले. म्हणजे संगीताच्या विक्रीतून जगभर कुलूप उतरून तीन वर्षे झाल्यावर आपण कुलूप तोडण्याविरुद्ध कायदा केला. त्या वेळी १९९६ च्या करारांचे आपण सदस्यही नव्हतो. भारत त्यांत सामील झाला तो २०१८ मध्ये. बंधन नसताना घातलेले हे बंधन होते. त्या वर्षी फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ नावाने गाणी विकण्याचे दालन सुरू केले होते (फेब्रुवारी २०१२) आणि तेथील गाणी कुलूपमुक्तच होती. ते दालन जून २०१३ मध्ये बंद पडले. डिसेंबर २०१२ मध्ये भारतात आलेल्या आयट्यून्सवरही तोवर कुलूप राहिले नव्हते.

संसदेतील चर्चा या कलमाभोवती फारशी फिरली नाही. गीतकार-संगीतकारांना मिळावयाच्या मानधनाचा प्रश्न केंद्रस्थानी होता. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तो हिरिरीने मांडला आणि त्याबाबतची दुरुस्ती निःसंशय स्वागतार्ह ठरली. पण त्या गाजलेल्या दुरुस्तीच्या सावलीत कलम ६५-अ चर्चेविनाच पार पडले, असे म्हणावे लागते.

कलमाचे वाचन

कलमाचा आशय असा : या अधिनियमाने दिलेल्या हक्कांच्या संरक्षणासाठी योजलेला परिणामकारक तांत्रिक उपाय, ते हक्क भंग करण्याच्या उद्देशाने जो कोणी निष्प्रभ करील, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकेल. पोटकलम (२) मध्ये अपवाद आहेत. अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी असे कृत्य करता येते. तसेच सांकेतिकीकरणाचे संशोधन, कायदेशीर तपास, सुरक्षा-चाचणी, राष्ट्रीय सुरक्षा इत्यादींसाठीही मुभा आहे.

यातील ‘उद्देशाने’ हा शब्द मोलाचा आहे. अमेरिकी कायद्यात काही प्रकारचे कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध आहे. तोडणाऱ्याने पुढे प्रत काढली की नाही हा प्रश्न तेथे गौण ठरतो आणि सवलतींसाठी दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रक्रियेकडे पाहावे लागते. आपल्या कायद्याने हक्कभंगाचा उद्देश अनिवार्य केला. शिवाय ‘या अधिनियमाने दिलेल्या हक्कांच्या’ ही मर्यादाही घातली. आपले गाणे आपल्याच दुसऱ्या यंत्रावर वाजू न देणे हा अधिनियमाने कोणालाही दिलेला हक्क नाही. तेव्हा केवळ यंत्रबद्धता टिकविणारे कुलूप या कलमाच्या संरक्षणात येतच नाही, असा अर्थ लावण्यास जागा आहे. त्याच दुरुस्तीने खाजगी वापराच्या उचित व्यवहाराची व्याप्ती ‘कोणत्याही कृती’पर्यंत (संगणक प्रणाली वगळता) वाढविली. पूर्वी त्या खंडात ध्वनिमुद्रणाचा समावेश नव्हता. म्हणजे स्वतःच्या अभ्यासासाठी, स्वतःच्या श्रवणासाठी गाण्याची प्रत ठेवणे २०१२ पासून उचित व्यवहाराच्या कक्षेत आले आणि त्यासाठी कुलूप उघडणे अपराध राहिला नाही. कागदावर हे कलम अमेरिकेच्या तुलनेत पुष्कळच उदार आहे.

अडचण पुढे आहे. हे कुलूप उघडणार कोण? प्राध्यापक, शिक्षक, शेतकरी, कीर्तनकार यांपैकी कोणालाही सांकेतिक फाइल उघडण्याचे कसब नसते. त्यासाठी जाणकाराची मदत लागेल. आणि नेमक्या याच ठिकाणी परंतुक येते : कायदेशीर प्रयोजनासाठीही जो दुसऱ्यास असे साहाय्य करील त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटविणारा सर्व तपशील आणि प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. बाजारपेठेतील मोबाईल दुरुस्तीवाल्याने अशी नोंदवही ठेवावी, अशी ही अपेक्षा आहे. कीटकनाशकाच्या दुकानाला शोभणारी ही अट अभंगाला लावण्यात आली आहे. नोंदवही किती काळ ठेवावयाची आणि कोणास दाखवावयाची याचा उल्लेख कलमात नाही. ‘परिणामकारक तांत्रिक उपाय’ म्हणजे काय, याची व्याख्याही अधिनियमात नाही. युरोपीय निर्देशात ती आहे.

याहून गंभीर उणीव वेगळी आहे. कुलूप लावणाऱ्यावर हे कलम कोणतेही कर्तव्य टाकत नाही. युरोपीय निर्देशाच्या सहाव्या अनुच्छेदात, विशिष्ट अपवादांचा लाभ घेता यावा यासाठी हक्कधारकाने साधन उपलब्ध करून द्यावे, अन्यथा राज्याने उपाययोजना करावी, असे सूत्र आहे. मागणीनुसार ऑनलाइन पुरविल्या जाणाऱ्या सेवांना ते लागू नाही, ही त्यातील मोठी पळवाट. तरीही किल्लीचे दायित्व कोणाचे हा प्रश्न तेथे निदान विचारला गेला. आपल्याकडे अधिकार आहे, किल्ली नाही, आणि किल्ली मागण्याची खिडकीही नाही. सुसंगतीचा उल्लेख कायद्यात एकाच ठिकाणी, कलम ५२(१) मधील एका खंडात येतो. तोही संगणक प्रणालींपुरता. संगीत आणि त्याचे यंत्र यांच्या नात्याविषयी कायदा मौन पाळतो.

‘डाउनलोड’ या शब्दाचा अर्थ

विक्रीतून उतरलेले कुलूप स्ट्रीमिंगच्या रूपाने परत आले, आणि या वेळी ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर खेड्यातही डेटा स्वस्त झाला, कार्ड भरून देणारी दुकाने ओसरली आणि गाणी ॲपमध्ये गेली. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ असे बटण असते. ते दाबले की गाणे फोनवर उतरते, नेटवर्क नसतानाही वाजते. मात्र ती फाइल सांकेतिक असते आणि त्या ॲपबाहेर तिला अस्तित्व नसते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलेल्या स्पॉटिफायवर तर उतरविलेली गाणी टिकवून ठेवण्यासाठी ३० दिवसांतून किमान एकदा ऑनलाइन यावे लागते.

या ‘डाउनलोड’चा कायदेशीर अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स इंडस्ट्रीज विरुद्ध विंक म्युझिक या खटल्यात एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केला. न्या. एस. जे. काथावाला यांच्या निर्णयानुसार, वर्गणी चालू असेपर्यंत गाणे साठवून ऐकू देणे ही व्यापारी भाडेपट्टी ठरते आणि कायमस्वरूपी खरेदीची सोय ही विक्री ठरते. आपले ग्राहक खाजगी वापरासाठीच गाणी साठवितात, सबब हा उचित व्यवहार होय, हा विंकचा बचाव न्यायालयाने अमान्य केला. हक्कधारक आणि सेवा-चालक यांच्यातील वाद म्हणून हा निर्णय योग्यच वाटतो. ग्राहकाच्या खाजगी वापराची ढाल कंपनीने पुढे करावी हे पटण्यासारखे नव्हते.

परंतु या खटल्यात श्रोता पक्षकार नव्हता आणि निकालाचा त्याच्या दृष्टीने अर्थ कोणी सांगितला नाही. आपण गाणे घेतले असे त्याला वाटत होते, वस्तुतः तो भाडेकरू होता. २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद केले, त्याच वर्षी ३१ जानेवारीस रेसो ही सेवाही भारतातून गेली. ॲपबरोबर त्यातील उतरविलेली गाणीही गेली. भाडेकरूला घर सोडताना निदान आपले सामान नेता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित कराराविरुद्ध तक्रारीची तरतूद आहे हे खरे. मात्र ती तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. महिन्याच्या वर्गणीएवढ्या रकमेसाठी हिंगोलीहून ती वाट कोण धरील?

ज्यांना हा सारा खटाटोप नको त्यांच्यासाठी बाजाराने आणखी एक उपाय काढला. पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनीचीच उत्तराधिकारी असलेल्या सारेगामाने २०१७ मध्ये ‘कारवां’ हे ५,००० हिंदी गाणी आधीच भरलेले यंत्र आणले. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. ज्येष्ठांना ते आवडले, आणि का आवडू नये? बटण दाबावे, गाणे लागावे. वादनयंत्र आणि संगीत येथे एकाच पेटीत आले असून त्यातील गाणी त्या पेटीतच ऐकावयाची आहेत. कॅसेटने जे वेगळे केले होते ते ‘कारवां’ने पुन्हा एकत्र बांधले. येथे ग्राहकास आपण काय घेत आहोत हे आधीच कळते, एवढा प्रामाणिकपणा ॲपमधील ‘डाउनलोड’ या शब्दात नाही.

ग्रंथालयाची कोंडी

हा प्रश्न महाविद्यालयांशी कोठे येऊन भिडतो, ते आता पाहू. मराठी, लोकसाहित्य, संगीत, इतिहास या विभागांत अध्यापन करणाऱ्यांना ध्वनिमुद्रणे संदर्भसाधन म्हणून लागतात. अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत कॅसेटच्या पेट्या आहेत. काहींत सीडी आहेत. अलीकडील संगीत कोठेच नाही, कारण ते विकतच मिळत नाही, केवळ ऐकावयास मिळते. २०१२ च्या दुरुस्तीने ग्रंथालयांसाठी एक खंड घातला : बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास, कृतीची अडिजिटल प्रत आधीच त्याच्याजवळ असल्यास, जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविता येईल.

हा खंड बारकाईने वाचला तर त्याचा विपरीत परिणाम ध्यानात येतो. कॅसेट अडिजिटल आहे, म्हणून तिचे जतन करता येते. सीडी डिजिटल आहे, म्हणून तिला हा खंड लागू होत नाही. ॲपमधील गाण्याचा तर प्रश्नच नाही. जी प्रत सर्वांत जुनी तिला कायद्याचे संरक्षण आहे, आणि जी कंपनीच्या एका निर्णयासरशी नाहीशी होऊ शकते तिला मुळीच नाही. महाविद्यालयाचे ग्रंथालय ‘सार्वजनिक’ या शब्दात बसते काय, हाही प्रश्न उरतो. तेथे प्रवेश विद्यार्थी व अध्यापकांपुरता असतो. पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्याने प्रत्येक प्रकाशित ग्रंथाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठरावीक ग्रंथालयांस देणे बंधनकारक केले. ध्वनिमुद्रणांना तो कायदा लागू नाही. केवळ ॲपवर प्रकाशित झालेल्या एखाद्या शाहिराच्या पोवाड्याची कुलूपमुक्त प्रत साठ वर्षांनंतर, म्हणजे तो सर्वांचा होईल तेव्हा, कोठे सापडेल याचे उत्तर आज कोणताही कायदा देत नाही.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून संकलित केलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळाच्या प्रकल्पातून प्रसिद्ध होत आहेत. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिच्या ओवीसोबत असते, आणि ती ऐकण्यासाठी कोणत्या कंपनीचा फोन आहे हे कोणी विचारत नाही. येथे गायिकेची ओळख जपली गेली ती नोंदीने, कुलपाने नाही. कलम ६५-ब मध्ये हक्कविषयक माहिती पुसून टाकणे हा वेगळा अपराध मानला आहे. आपल्या लोककलावंतांच्या दृष्टीने ६५-अ पेक्षा हेच कलम अधिक उपयोगाचे ठरेल असे वाटते. लोककलावंतांची तक्रार प्रत निघाली ही क्वचितच असते, नाव गाळले ही बहुधा असते.

सबब कायद्यात तीन बदल व्हावयास हवेत. कुलूप लावणाऱ्याने उचित वापरासाठी मागणी येताच ठरावीक मुदतीत कुलूपमुक्त प्रत द्यावी, हा पहिला. ग्रंथालयविषयक खंडातील ‘अडिजिटल’ ही अट वगळून शैक्षणिक ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख व्हावा, हा दुसरा. आणि ध्वनिमुद्रणाची एक कुलूपमुक्त प्रत राष्ट्रीय पातळीवर जमा करण्याचे बंधन असावे, हा तिसरा. पहिल्या बदलास उद्योगाचा विरोध होईल, तिसऱ्यास खर्चाचे कारण सांगितले जाईल. दुसऱ्यास मात्र कोणाचे नुकसान नाही, आणि विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी व ग्रंथपालांच्या संघटनांनी त्यापुरती तरी लेखी मागणी करावयास हरकत नसावी. तोवर ज्या महाविद्यालयांजवळ कॅसेटच्या पेट्या आहेत त्यांनी हा खंड आपणास लागू होतो असे गृहीत धरून जतनाचे काम हाती घ्यावे. चुंबकीय फीत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फार काळ टिकत नाही, आणि चालू स्थितीतले टेपरेकॉर्डरही आता हिंगोलीच्या बाजारात शोधावे लागतात.